आधी भाकर, मग वाट

बाळ,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, सगळे म्हणतात यातून बाहेर पड. पण बाहेर म्हणजे कुठे, ते कुणी सांगत नाही." मला तेव्हा काही बोलता आलं नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

जावईबापूंना जाऊन चार महिने झाले. मुलगा पहिलीत. प्लॉटवर घराचं जोतं बांधून झालेलं आणि पुढचं काम थांबलेलं. तुझ्यावर काय गुदरतं आहे ते मला कळतं. तुझे आतोबा गेले तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते, आणि पुढे बारा वर्षांनी माझा धाकटा रस्त्यावरच्या अपघातात गेला. चौतीस वर्षं मी नर्स होते, रोज कुणाचं ना कुणाचं मरण पाहत होते. तरी आपल्या घरातलं मरण नवंच असतं, त्याला कुठलीही सवय उपयोगी पडत नाही.

माझ्या सासूबाईंनी मला काही गोष्टी सांगितल्या होत्या, काही मला ठेचा खाऊन कळल्या. त्या तुझ्या कानात घालते. सगळ्या आजच जमायच्या नाहीत. जी जमेल ती उचल.

१. आधी जेव, झोप. मग देवाशी बोल

एलीया आठव. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवला, आणि ईजबेल राणीची धमकी येताच रानात पळाला. रतामाच्या झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागू लागला. देवाने त्याला उपदेश केला नाही, रागावलाही नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याची सुरई पाठवली. एलीयाने खाल्लं आणि झोपला. उठवून पुन्हा खाऊ घातलं. होरेब डोंगरापर्यंतची चाळीस दिवसांची वाट त्यानंतरची, आणि देवाचं बोलणं त्याही नंतरचं.

आपल्याकडे माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे जेवण आणतात. त्याला कडू घास म्हणतात. मला नेहमी वाटतं, एलीयाने खाल्लेला घासही कडूच असणार, पण त्याच्याच बळावर तो चालला.

म्हणून भूक नसली तरी घड्याळ पाहून बस. चार घास, पण ताटात वाढून. चहावर दिवस काढू नकोस. आंघोळ सकाळीच. दिवसातून एकदा उन्हात चालून ये, मग ते दुधाच्या पिशवीचं निमित्त का असेना. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेव, त्यातले जुने फोटो मध्यरात्री बघू नयेत. आणि नर्स म्हणून सांगते: दोन आठवडे झोप लागली नाही, अन्न जाईना, किंवा आपणही संपावं असं मनात येऊ लागलं, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांग आणि डॉक्टरकडे जा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला असं नाही. साखरेची गोळी घेताना आपल्याला असं कधी वाटत नाही.

२. रडण्याला वेळ आणि जागा दे

ख्रिस्ती माणसाने रडू नये, आपल्याला पुनरुत्थानाची आशा आहे, असं तुला कुणीतरी सांगेल. त्याला बेथानीची वाट दाखव. लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. आपण त्याला उठवणार आहोत हे येशूला ठाऊक होतं. तरी मरीयेचं रडणं पाहून तो रडला. ज्याच्या हातात पुनरुत्थान होतं तो रडला, तर आपण का डोळे पुसून बसायचं?

पवित्र शास्त्रात रडण्यासाठी एक अख्खं पुस्तक आहे, विलापगीत. यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यावरचा तो आक्रोश आहे. त्याची पहिली चार प्रकरणं इब्री वर्णमालेच्या बावीस अक्षरांवर क्रमाने बांधलेली आहेत, जणू अलेफपासून तावपर्यंत एकही दुःख सांगायचं राहू नये. आशेचे शब्द त्यात येतात ते मधल्या, तिसऱ्या प्रकरणात. त्यानंतर पुन्हा रडणं सुरू होतं. म्हणून एक दिवस बरं वाटलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोसळलीस, तर आपण मागे गेलो असं समजू नकोस. दुःखाचा रस्ता असाच वळणावळणाचा आहे.

धाकटा गेला तेव्हा मी शंभर पानी वही आणली. रोज एक अक्षर घ्यायचं. क ला त्याचं कपाट, ख ला त्याचा खोकला, ग ला गाडीची किल्ली. ज्ञ पर्यंत पोचायला मला तीन महिने लागले. त्या वहीत देवावरचा रागही आहे. फाडून टाकलेला नाही.

३. प्रार्थना सुचत नसेल तर उसनी घे

डोळे मिटले की शब्दच येत नाहीत, असं तू म्हणालीस. मग स्तोत्रसंहिता उघड. दीडशे स्तोत्रं आहेत, आणि त्यांत तक्रारीची, विलापाची कितीतरी. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची ओळ नाही. ते आपल्या पूर्वजांनी शास्त्रातून काढून टाकलं नाही, याचा मला मोठा आधार वाटतो. रोज एक स्तोत्र मोठ्याने वाच. मन लागलं नाही तरी तोंडाने वाच.

रविवारी उपासनेला ये. शेवटच्या बाकावर बस, गाऊ नकोस, नुसती ऐक. पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उघडून येशूपुढे सोडलं, तेव्हा येशूने विश्वास पाहिला तो त्या चौघांचा. सध्या तू बाजेवर आहेस. मंडळी तुला उचलून नेईल. पुढे कधीतरी दुसऱ्याच्या बाजेची एक बाजू तुला धरायची आहे.

४. सांत्वनाची वाक्यं चाळून घे

ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले. तोवर ते उत्तम मित्र होते. बोलायला लागले आणि बिघडलं. तुझं काहीतरी चुकलं असेल, त्याशिवाय असं होत नाही, हे त्यांच्या बोलण्याचं सार. पुस्तकाच्या शेवटी देव ईयोबावर नाही, त्या मित्रांवर रागावतो.

"देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात," असं कुणी म्हणालं तर वाद घालू नकोस, पण ते मनातही ठेवू नकोस. बहुतेकांना काय बोलावं ते कळत नाही म्हणून ते असं बोलतात. एक वाक्य मात्र उंबऱ्याबाहेरच थांबव: "विश्वासाने प्रार्थना केली असती तर ते वाचले असते." दवाखान्याच्या खाटेशी तू एकोणीस रात्री प्रार्थना केलीस. मी पाहिलं आहे. गेथशेमाने बागेत येशूनेही प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली होती, आणि प्याला टळला नाही. त्याचा विश्वास कमी होता काय? आणि अमुक रक्कम अर्पण कर, घरावरचं संकट जाईल असं सांगणारा कुणी आला, तर त्याला चहा दे आणि वाटेला लाव. दुःखातल्या बाईची पर्स उघडायला लावणारा माणूस मेंढपाळ नसतो.

५. कागदपत्रं हेही विश्वासाचंच काम

बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला होता आणि यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. अशा वेळी त्याने अनाथोथमधलं चुलतभावाचं शेत विकत घेतलं. सतरा शेकेल रुपं तोलून दिलं, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, खरेदीखताच्या मोहरबंद आणि उघड्या अशा दोन्ही प्रती बारूखाकडे दिल्या आणि मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितल्या, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. देश बुडत असताना हा माणूस कागद जपतो, कारण या जमिनीवर पुन्हा घरं उभी राहतील असा देवाचा शब्द त्याला मिळाला होता.

तुझं मडकं म्हणजे एक फाईल. मृत्यूच्या दाखल्याच्या दहा प्रती काढून ठेव, प्रत्येक कार्यालय एक मागतं. बँक, विमा, भविष्य निर्वाह निधी, प्लॉटचा उतारा, घराचं कर्ज, प्रत्येकाचं एक पान कर आणि कुठल्या तारखेला कुणाला भेटलीस ते लिही. लक्षात ठेव, बँकेच्या ठेवीवर नॉमिनी म्हणून नाव असलं तरी नॉमिनी पैसे स्वीकारणारा असतो, हक्क वारसांचा असतो. आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर त्याप्रमाणे नवऱ्याच्या मालमत्तेचा एक तृतीयांश बायकोचा आणि दोन तृतीयांश मुलांचा. मुलगा अज्ञान आहे, त्याच्या हिश्श्याला हात लावायचा तर आधी वकिलाला विचार. सासरच्यांशी बोलणं होईल तेव्हा दादाला बरोबर ने आणि त्या दिवशी कशावरही सही करू नकोस. घरी आण, वाच, प्रार्थना कर, मग सही.

वर्षभर मोठा निर्णय घेऊ नकोस. प्लॉट विकायचा नाही, नोकरी सोडायची नाही, गाव बदलायचं नाही. अंधारात फर्निचर हलवू नये, ठेच लागते.

६. मुलाला खरं सांग

"बाबा झोपलेत" असं सांगू नकोस, पोरगं झोपायला घाबरेल. "देवाने नेलं" असंही नको, ते देवाला घाबरेल. बाबांचं शरीर फार आजारी झालं, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, ते वारले, आता ते प्रभूजवळ आहेत आणि आपण त्यांना पुन्हा भेटणार आहोत, पण तोवर आपल्याला त्यांची फार आठवण येणार, हे सगळं सांग. त्याने शंभरदा विचारलं तर शंभरदा तेच सांग. त्याच्यासमोर रडलीस तरी चालेल. तू लपून रडलीस तर तोही लपून रडायला शिकेल.

७. मागच्या रांगेत बसू नकोस

हे मी रागाने लिहिते आहे. आपल्या घरांत सुतक नाही, कुंकू पुसण्याचा प्रश्न नाही, तरी विधवेला मागे ठेवायची रीत मात्र आपण सोडली नाही. लग्नात नवरीला हळद लावताना तिला बोलवायचं विसरतात, बारशाला पाळण्याजवळ उभं करत नाहीत. माझ्या पुतणीच्या लग्नात मी स्वतःच मागच्या बाकावर जाऊन बसले होते. सासूबाई उठल्या, भर देवळात माझा हात धरला आणि पहिल्या रांगेत आणून बसवलं. येशूने नाईन गावाच्या वेशीवर एका विधवेच्या मुलाची तिरडी थांबवली होती. त्याच्या मंडळीत विधवा मागे बसत नाही. तुला आवडते ती रंगीत साडी नेस. कुणी बघितलं तर बघू दे.

८. मोडलेल्या आशेचाही शोक कर

माणूस जातो तेव्हा त्याच्याबरोबर न घडलेल्या गोष्टीही जातात. तुमचं घर, तुला हवी असलेली मुलगी, म्हातारपणी दोघांनी गावी राहायचं ठरलेलं. त्यांच्यासाठी कुणी भेटायला येत नाही, दफनविधी होत नाही. म्हणून त्या आत सलत राहतात.

अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे आठव. यरुशलेमपासून अकराएक किलोमीटरची वाट, आणि दोघांच्या तोंडी एकच गोष्ट: आम्ही काय काय आशा धरली होती आणि काय झालं. उठलेला येशू त्यांच्याबरोबर चालू लागला आणि त्याने आधी काय विचारलं? तुम्ही कशाबद्दल बोलत आहात? त्याला ठाऊक होतं, तरी त्यांच्याकडून सगळं ऐकून घेतलं. मग शास्त्र उलगडून सांगितलं. त्यांनी त्याला ओळखलं मात्र भाकर मोडताना.

मला डॉक्टर व्हायचं होतं. वडिलांकडे पैसे नव्हते, मी नर्सिंगला गेले. किती वर्षं पांढऱ्या कोटाकडे पाहिलं की घशात आवंढा यायचा. एका रात्रपाळीत ते सगळं मी देवाला नाव घेऊन सांगितलं, तेव्हा तो आवंढा सुटला. तूही प्रत्येक आशेचं नाव घे. जोत्यावर जा, इथे स्वयंपाकघर होणार होतं असं म्हण, आणि रड. त्यानंतरच तिथे काय होऊ शकतं ते दिसेल.

९. त्यांच्या अपुऱ्या कामातलं एकच उचल

आपल्या मराठी मंडळीत अशा दोन बाया होऊन गेल्या, की त्यांची नावं घेतली तरी माझी पाठ ताठ होते. पंडिता रमाबाईंनी पंचविशीच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ आणि नवरा गमावला होता. नंतर त्या ख्रिस्ती झाल्या, केडगावला मुक्ती सदन उभं केलं, दुष्काळातल्या शेकडो बायकामुलींना आसरा दिला. ज्या लेकीच्या हाती हे सगळं सोपवायचं, ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. रमाबाई तेव्हा मूळ इब्री आणि ग्रीक भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. लेकीच्या मागे त्या जेमतेम साडेआठ महिने जगल्या, ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. पण तेवढ्यात त्यांनी ते काम तडीला नेलं. त्यांचं बायबल १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडलं.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. १९१९ साली रेव्हरंड टिळक गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तायन अपुरं होतं. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहिलं आणि पूर्ण केलं. आणि पासष्टी उलटल्यावर त्यांची स्मृतिचित्रे प्रसिद्ध होऊ लागली. नवऱ्याचं काम पूर्ण करता करता त्यांना स्वतःची लेखणी सापडली.

पण नीट ऐक. टिळकांची सगळी कामं लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतली नाहीत. तूही घेऊ नकोस. जावईबापू रविवार शाळेत मुलांना पेटी शिकवायचे, मंडळीचे हिशेब लिहायचे, भावाच्या दुकानात मदत करायचे. त्यातलं तुझ्या हाताला जे बसतं ते एक घे. बाकीच्यांना नमस्कार करून सोड.

१०. अवघड तारखा आधीच मांडून ठेव

वाढदिवस, लग्नाचा दिवस, नाताळ. त्या दिवसांना तुझ्यावर धावून येऊ देऊ नकोस, आधीच ठरव. कुठे जायचं, कुणाबरोबर, जेवायला काय. पहिल्या नाताळाला करंज्या करायचं बळ नसेल तर करू नकोस, पण दारावर तारा मात्र लाव. मुलाच्या हाताने लाव.

आणि पुनरुत्थानाच्या पहाटे आपली मंडळी दफनभूमीत जमते, तेव्हा ये. थंडी असते, मेणबत्ती वाऱ्याने विझते, पुन्हा लावावी लागते. पहिल्या वर्षी मी आले नव्हते, ते चुकलं. दुसऱ्या वर्षी आले, आणि तिथे पाळकसाहेबांनी थोमाची गोष्ट सांगितली. उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते. देवाने त्याला मरणातून उठवलं, पण व्रण पुसले नाहीत. त्या पहाटेपासून मी स्वतःला "तू अजून विसरली कशी नाहीस" असं विचारणं सोडलं. पुढे जायचं ते व्रणासकट.

बाळ, तू विचारलंस बाहेर म्हणजे कुठे. मला वाटतं, बाहेर असं काही नसतं. तिबिर्याच्या सरोवरावर पेत्र असाच हरून, जुन्या जाळ्यांकडे परत गेला होता. रात्रभर काही मिळालं नाही. पहाटे काठावर प्रभू कोळशाच्या विस्तवावर मासे आणि भाकर घेऊन वाट पाहत होता. पेत्राने तीनदा नाकारलं होतं, त्याबद्दलचं बोलणं न्याहारी झाल्यावर. आधी खाऊ घातलं, मग पुढचं काम दिलं. एलीयाला तसंच, पेत्राला तसंच. तो एका दिवसाची भाकर देतो आणि एका दिवसाची वाट दाखवतो. पस्तीस वर्षं मी तशीच चालत आले आहे.

येत्या रविवारी उपासना झाली की मी तुझ्याकडे येते. भाकरी मी थापीन. तू बाजरीचं पीठ चाळून ठेव, आणि चुलीशी बसायला पोराला एक पाट मांडून ठेव.

तुझी,
आत्या